सापडन, घाई नोका करू

भाऊंचा उजवा हात आधी वर जायचा, बोलणं मागून यायचं. तळवा आमच्याकडे, बोटं जुळलेली, कोपर खुर्चीच्या हातावर टेकलेलं. मग ते सावकाश म्हणायचे, "थांबा. सापडन त्याले. घाई नोका करू, गुरुजी."

हे गुरुजी म्हणजे मी. दिवसा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आणि शाळा सुटली की अकोल्याच्या एका हौशी नाटक मंडळात प्रॉम्प्टर. हातात संहिता घेऊन विंगेत उभं राहायचं आणि नट अडला की त्याला पुढचा शब्द हळूच द्यायचा, एवढंच काम. एवढंच म्हणतो, पण माझ्यासारख्या उतावळ्या माणसाला ते फार जड. वर्गात पोरगं सातचा पाढा म्हणताना अडखळलं की त्याच्याआधी मीच "छप्पन" म्हणून मोकळा. विंगेतही तेच. नट नुसता श्वास घ्यायला थांबला तरी माझा शब्द त्याच्या कानात जाऊन पडलेला. अशा वेळी शेवटच्या रांगेतून तो हात वर यायचा. तीस-एक वर्षं मी तो हात पाहिला, आणि काही म्हणजे काही शिकलो नाही.

भाऊ ज्यू होते. आमच्याकडे हे सांगितलं की समोरचा विचारतो, "म्हणजे ख्रिश्चनच ना?" भाऊ त्यावर कधी चिडले नाहीत. "त्यायच्या आधीचे आमी," एवढंच म्हणायचे आणि चहा सांगायचे. त्यांचे पूर्वज कोकणातले. तिथे ही मंडळी तेल गाळायची आणि शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. आजोबा वऱ्हाडात आले, इथे सरकी मुबलक, म्हणून सरकीचं तेल काढू लागले. वडिलांनी मिल टाकली. भाऊंनी ती इतकी वाढवली की तेलगिरणीवाल्यांच्या संघटनेचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं आणि बरीच वर्षं कुणी ते दुसऱ्याला द्यायचं नावच काढलं नाही. पण शेठजी म्हटलेलं खपायचं नाही. "शेठ कायचा? मी तं तेली," म्हणायचे. म्हणून सगळे भाऊ म्हणायचे, मिलमधले हमालसुद्धा.

मिलला सुट्टी शनिवारी. सगळ्या अकोल्याला रविवारची सुट्टी आणि या मिलच्या लोकांना शनिवारची. नामदेव नावाचा हमाल होता, तो कुरकुरायचा, "भाऊ, सासरा रविवारी येते, अन् मी असतो पोत्याखाली." भाऊ म्हणायचे, "मंग चांगलंच तं हाय की, नामदेव." यावर नामदेवही हसायचा. हा नामदेव पुढे येणार आहे, लक्षात ठेवा.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती एप्रिलात. आमच्या वस्तीतली भीमगीतांची पार्टी जयंतीच्या तयारीला जागा शोधत होती. समाजमंदिराचं छत उतरवलेलं, शाळा मिळेना. कुणीतरी म्हणालं, तेलमिलच्या भाऊंना विचारा. मी गेलो, आणि विचारायचं ते राहिलं बाजूला, त्यांच्यासमोर उभं राहून नुसता घाम पुसत राहिलो. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बसले. एक शब्द विचारला नाही. माझं मलाच सापडलं तेव्हा मी बोललो. ते उठले आणि सरकीच्या रिकाम्या गोदामाची किल्ली माझ्या हातावर ठेवली. म्हणाले, "आवाज मोठा ठेवजा. मले इथपर्यंत आला पायजे."

त्या गोदामाचं पुढे थिएटर झालं. तुम्ही कधी अकोल्यात आमचं नाटक पाहिलं असेल तर तिथेच. भाऊंनी जमीन उताराची करून घेतली, स्टेज बांधलं, पातूरच्या एका साइनबोर्ड रंगवणाऱ्या पेंटरकडून पडदा करून घेतला. पडद्यावर पातूरच्या लेण्यांचं चित्र. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्याने विचारलं, आपलं नाव कुठे दिसत नाही? भाऊ म्हणाले, "नाव कायले? वास येतेच की सरकीचा." खरंच यायचा. अजूनही येतो, उन्हाळ्यात जास्त. भजनी मंडळाला पेटी, कव्वालीवाल्यांना माइक, अमरावतीच्या कॉलेजच्या पोरांना तालमीला खोली, हे सगळं त्यांनी केलं, पण त्यांचा जीव नाटकात. नाटकातही नटांच्या बोलण्यापेक्षा थांबण्यात. तुम्हाला खोटं वाटेल, पण हा माणूस नाटक बघायला नव्हे, नट कुठे थांबतो ते बघायला यायचा.

थांबायची त्यांना सवयच होती म्हणा. शुक्रवारी दिवस बुडायच्या आधी त्यांच्याकडे दिवा लागायचा, काचेच्या पेल्यात खाली पाणी, वर तेल, तेलात वात. तिथपासून शनिवारी रात्रीच्या तीन चांदण्या दिसेपर्यंत काम नाही, गाडी नाही, काही नाही. आणि एकदा नाट्यस्पर्धेत आमच्या मंडळाचा नंबर नेमका शनिवारी लागला! संध्याकाळी सातचा प्रयोग. भाऊ घरून चालत आले आणि थिएटरच्या पायऱ्यांवर मान वर करून उभे राहिले. आभाळ भरलेलं. आमची नायिका, मेकअप केलेली, डोक्यावर गजरा, ती बिचारी बाहेर येऊन म्हणते, "भाऊ, ती पाहा, दिसली एक!" भाऊ म्हणाले, "ते टॉवरवरचा लाइट हाय, माय." सगळे हसले. तिसरी घंटा झाली, पडदा उघडला, हे पायऱ्यांवरच. मी आतून निरोपावर निरोप धाडतोय, या म्हणून. उत्तर आलं, "दिसतील. घाई नोका करू." पहिला अंक पूर्ण बाहेर उभं राहून ऐकला त्यांनी. दुसऱ्या अंकाला ढग सरले, तेव्हा येऊन शेवटच्या रांगेत बसले.

आता नामदेवची गोष्ट सांगतो. भाऊंनीच त्याला तालमीला आणून उभं केलं होतं. आवाज असा की माइक नको. त्याला आम्ही बापाचं काम दिलं. आमच्याच मंडळातल्या एकाने लिहिलेलं नाटक, आणि त्यात शेवटी बाप लेकीसमोर उभा राहून कबूल करतो की चूक माझी होती. भर स्पर्धेत नामदेव तिथे येऊन अडला. पूर्ण कोरा. मी विंगेत, संहितेवर बोट, तोंड उघडलेलं. आणि शेवटच्या रांगेत अंधारात तो तळवा वर! माझा शब्द घशातच राहिला. सांगतो तुम्हाला, त्या वेळी मी भाऊंना मनातल्या मनात शिव्या दिल्या. नामदेव लेकीकडे बघतोय, ओठ हलताहेत, आवाज नाही. मग त्याचं त्याला सापडलं. "चूक माही होती, बाई." संहितेत वाक्य वेगळं होतं, चांगलं लांबलचक. त्या एवढ्याशा चार शब्दांनी अर्धं थिएटर रडलं. परीक्षकांनी नंतर खास त्या थांबण्याचं कौतुक केलं. नामदेव मात्र कबूल करत नव्हता की तो विसरला होता.

आणि माझंही एक सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. एका प्रयोगात माझ्याकडून पानांचा गठ्ठाच एकदम उलटला. नट दुसऱ्या अंकात अडला आणि मी त्याला वाक्य दिलं ते थेट तिसऱ्यातलं. त्याने बिनदिक्कत म्हणून टाकलं. समोरच्याने त्याचं उत्तर दिलं, आणि नाटक पाऊण तास आधी संपलं! नटाचं असंच असतं. अडलेल्या माणसाला जो शब्द द्याल तो तो घेतो. चूक की बरोबर हे बघायची त्याला सवड नसते. मी शरमेने विंगेतून बाहेर येईना, तर भाऊ आत येऊन म्हणाले, "चाला गुरुजी, बरं झालं. आज लोकायले शेवटची बस भेटली."

प्रयोग कसाही होवो, दुसऱ्या दिवशी भाऊंच्या घरी मलिदा. आम्हाला मलिदा ठाऊक तो दर्ग्यावरचा. त्यांचा वेगळा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं. एलियाहू हन्नबी या त्यांच्या प्रेषिताच्या नावाने प्रार्थना व्हायची, मग ताट फिरायचं. वहिनी अलिबागकडच्या, भाषा स्वच्छ, आणि भाऊंच्या वऱ्हाडीवर त्यांचा कायम राग. "अहो, निदान मलिद्याला बसताना तरी 'मले तुले' करू नका," म्हणायच्या. भाऊ म्हणायचे, "देवाले समजते ना, मंग झालं." वरुडची संत्री सोलून ठेवायचं काम माझ्याकडे. तिथेही मी घाई करायचो आणि फोडी फुटायच्या.

त्यांच्या लोकांची घरं एकेक करून कमी होत गेली. कुणी ठाण्याला, बरेचसे इस्राएलला. एकुलती लेक मिल्का लग्न होऊन तिकडेच गेली, तिथे म्हाताऱ्या माणसांच्या दवाखान्यात नर्स आहे. मिल बंद पडली. थिएटर भाऊंनी आधीच मंडळाच्या नावे करून दिलं होतं म्हणून ते टिकलं. वहिनी गेल्या तेव्हा मी निवृत्त होऊन अमरावतीला, राजापेठेत मुलाकडे राहायला गेलो होतो, प्रयोगापुरता अकोल्याला यायचो. धावत आलो. गावाबाहेर त्यांची लहानशी दफनभूमी आहे, पडक्या कुंपणात दहा-बारा कबरी. वहिनींना तिथे ठेवलं.

नंतर एकदा भाऊ मला तिकडे घेऊन गेले. वहिनींच्या कबरीशेजारी मोकळी जागा होती, तिच्या चार कोपऱ्यांत चार विटा रोवलेल्या. कडेने सब्जा लावलेला. म्हणाले, "हे माही सीट. नाटकाले जल्मभर शेवटच्या रांगेत बसलो, इथं पयली रांग घेतली." मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी माझं मनगट धरलं. "गुरुजी, मिल्का चांगली पोरगी हाय. मी पडलो की ते मले तिकडं नेतो म्हनन. मले नाही जायाचं. तिले तुमी सांगजा. मले बोलता आलं तं मी सांगनच. नाही आलं तं तुमी." मी म्हणालो, "सांगतो भाऊ. हे काय सांगणं झालं?" इतक्या सहज म्हणालो मी.

अन् नेमकं तेच झालं. एके दिवशी सकाळी कांताबाई, त्यांच्याकडे स्वयंपाक करायची ती, तिचा फोन आला की भाऊ बोलून नाही राहिले. पक्षाघाताचा झटका. उजवा पाय लुळा पडला, हात वाचला, पण शब्द गेले. समजत सगळं होतं. डोळ्यांवरून कळायचं. पण सांगायला गेले की अडायचं. डॉक्टर म्हणाले, शब्द आत आहेत, वाट सापडत नाहीये. वेळ द्या. त्यांच्या तोंडात तुम्ही शब्द घालू नका, जो घालाल तोच ते म्हणतील. मी मान डोलावली. मला काय नवीन होतं त्यात!

दर रविवारी मी सकाळची बस धरून मूर्तिजापूरवरून अकोल्याला जायचो. जुन्या नाटकांच्या संहिता घेऊन बसायचो. गंमत बघा, शुक्रवारची त्यांची हिब्रू प्रार्थना त्यांना पूर्ण यायची, चालीसकट. पण "पाणी द्या" म्हणता यायचं नाही. जे पाठ होतं ते राहिलं होतं, जे मनात यायचं त्याला वाट नव्हती. तीन महिन्यांत एक शब्द परत आला, "चाय". कांताबाईने तो इतका लावून धरला की दिवसातून दहा वेळा चहा व्हायचा.

मिल्का रजा काढून आली. पंधरा दिवसांची. मी तिला भाऊंचं म्हणणं सांगितलं, दिल्या शब्दाप्रमाणे. विटा, सब्जा, सगळं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "काका, ते मला माहीत आहे. मलाही बाबा हेच म्हणायचे. पण तेव्हा ते चालत होते. आता रात्री पडले तर उचलणार कोण? कांताबाई? तुम्ही?" माझी सत्तरी उलटलेली, मुलाचं घर दोन खोल्यांचं. ती म्हणाली, "मी एक करते. बाबांनाच विचारते. शुक्रवारी, आईच्या दिव्यासमोर. ते नाही म्हणाले तर नाही नेणार. तिकडची नोकरी सोडेन, इथे येऊन राहीन, काहीतरी करीन. पण त्यांनी म्हणायला हवं. तुम्ही या, काका. तुमच्यासमोर विचारते."

शुक्रवारी मी गेलो. उन्हं कलली होती. मिल्काने काचेच्या पेल्यात पाणी घातलं, तेल घातलं, वात लावली. भाऊंना खुर्चीत बसवलं होतं, डोक्यावर टोपी. त्यांनी प्रार्थना म्हटली, एक शब्द चुकला नाही. मग मिल्का त्यांच्या पायाशी बसली. मी मागे, दाराला टेकून. म्हणजे माझ्या नेहमीच्याच जागी, विंगेत.

"बाबा," ती म्हणाली, "माझ्याबरोबर याल तिकडे? निघू या ना आपण?"

भाऊंनी तिच्याकडे पाहिलं. ओठ हलले. "न..." मग पुन्हा, "न... न..." कपाळावरची शीर उठलेली. मिल्काच्या डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि ती त्यांच्या तोंडाकडे बघतेय. घड्याळ वाजतंय. "न..." मला दम धरवेना. रोज तालीम संपली की भाऊ उठताना म्हणायचे, "चाला, निघू." हजारो वेळा ऐकलेलं. मिल्काचा प्रश्न कानात, भाऊंचा 'न' कानात, आणि मी विचार केला नाही हो. देवाशपथ सांगतो, डोकं मध्ये आलंच नाही. तीस वर्षं सवय झालेलं तोंड उघडलं आणि विंगेतून हळूच शब्द गेला.

"निघू."

"निघू," भाऊ म्हणाले. स्वच्छ, खणखणीत.

मिल्का त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडू लागली. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी ते बघणं ओळखतो. चुकीचा शब्द मिळालेला नट विंगेकडे असाच बघतो. मग त्यांचा उजवा हात वर आला, तळवा माझ्याकडे, बोटं जुळलेली. उशीर झाला होता.

त्याच क्षणी मी म्हणायला हवं होतं, अगं पोरी, तो शब्द माझा होता. नाही म्हणालो. ती इतकी सुटल्यासारखी रडत होती. मी चप्पल घालून सात वाजताची बस धरली. बडनेरा येईपर्यंत मी स्वतःलाच शिव्या घालत होतो. ज्या माणसाने जन्मभर मला एकच गोष्ट शिकवली, त्याच्याच वेळेला मी ती विसरलो. नालायक म्हणतात ते यालाच.

रविवारी पहिल्या बसने गेलो आणि सांगून टाकलं. मिल्का कपडे बॅगेत भरत होती. म्हणाली, "काका, मी ऐकलं होतं तुमचं हळूच बोलणं."

"मग?"

"मग काय! बाबांना तुमच्याइतकं कोण ओळखतं? तुम्हाला वाटलं त्यांना हेच म्हणायचंय, म्हणूनच तुम्ही तो शब्द दिलात ना?"

"नाही गं, नुसती सवय," म्हणालो. माझं मलाच ते पोकळ वाटलं. मी म्हटलं, पुन्हा विचार. ती उठली, भाऊंसमोर बसली आणि पुन्हा विचारलं, तेच शब्द. मी तोंडावर हात दाबून उभा राहिलो. भाऊंनी ओठ हलवले आणि म्हणाले, "निघू." मी स्वतः विचारलं, "भाऊ, तुमाले इथं राहायचं हाय ना?" भाऊ म्हणाले, "निघू." पाण्याचा पेला पुढे केला तरी "निघू" म्हणाले आणि स्वतःच डोळे मिटले, मान हलवली, खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. इतक्या महिन्यांनी दुसरा शब्द सापडला होता आणि तो त्यांचा नव्हता. आता तोंड उघडलं की तोच यायचा. मी दिलेला.

मंगळवारी गाडी आली. मंडळाचे सगळे जमले होते. नामदेव, आता तोही म्हातारा, त्यानेच भाऊंना उचलून गाडीत बसवलं. दार लागलं तसा भाऊंचा हात काचेला टेकला, तळवा आमच्याकडे. सगळ्यांनी हात हलवून निरोप दिला. मी नाही हलवला. मला ठाऊक होतं ते काय म्हणताहेत. पण मी गाडी कशी थांबवणार होतो? कुणाच्या जोरावर?

मिल्का गुणाची पोरगी. दर रविवारी व्हिडिओ कॉल लावायची. फोन बरणीला टेकवून भाऊंना समोर बसवायची आणि स्वतः स्वयंपाकघरात जायची. तिथे त्यांना फिजिओ होता, चांगली खुर्ची होती, गालावर थोडं मांसही चढलं होतं. मी इकडे राजापेठेतल्या गॅलरीत, खाली ट्यूशनच्या पोरांच्या गाड्यांचा गोंगाट. मी एकटाच बोलायचो. कोणतं नाटक बसवतोय, पडद्याला कुठे ठिगळ लावलं. ते ऐकायचे. मध्येच "निघू" म्हणायचे आणि चेहरा फिरवायचे.

पाचव्या महिन्यातला एक रविवार. मी सांगत होतो की सब्ज्याला तुरे आलेत. भाऊंचे ओठ हलले. "न..." म्हणाले. मी बोलणं थांबवलं. मी माझंच तोंड हाताने दाबून धरलं, अगदी गच्च. "न... न..." त्यांच्या कपाळावरची ती शीर फोनवरही दिसत होती. मी हललो नाही. खाली कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. सूनबाई चहा घेऊन आली, तिला डोळ्यांनीच परतवलं. किती वेळ गेला कोण जाणे. जन्मात पहिल्यांदा मी एवढा थांबलो.

"नाही," भाऊ म्हणाले.

मग आणखी एकदा, सावकाश, माझ्याकडे बघत. "नाही."

त्यांचं त्यांना सापडलं होतं. मी ढसाढसा रडलो. मागून मिल्का आली, हातात पळी. "काय झालं काका? बाबा काही म्हणाले का?"

क्षणभर वाटलं, खोटं बोलावं. घर विकलं होतं, कांताबाई तिच्या लेकाकडे गेली होती. पण भाऊंनी मला काम दिलं होतं, तुमी सांगजा म्हणून. मी म्हणालो, "नाही म्हणाले. शुक्रवारचं उत्तर आज दिलं त्यांनी."

मिल्का भाऊंकडे बघत राहिली. तिचं तोंड एवढंसं झालं. भाऊ तिच्याकडे बघून पुन्हा म्हणाले, "नाही," पण आता हळू, समजावल्यासारखं. तिने पळी टेबलावर ठेवली. म्हणाली, "आता कुठे नेऊ मी यांना, काका? सांगा ना, कुठे नेऊ?" ती विचारत राहिली आणि मी फोन धरून बसलो. भाऊंनी हात वर केला, तळवा आम्हा दोघांकडे.

त्यानंतर तीनच आठवड्यांनी ते गेले. झोपेतच. त्यांच्या रीतीप्रमाणे त्याच दिवशी तिकडेच माती झाली. मिल्काने फोटो पाठवला. स्वच्छ जागा आहे, पांढरे दगड, ओळीत लावलेले. कितवी रांग आहे ते फोटोत कळत नाही.

मी प्रॉम्प्टिंग सोडलं. मंडळाने दुसरा माणूस ठेवलाय, चांगला आहे, थांबतो. रविवारची बस मात्र सुटत नाही. अकोल्याला उतरलो की रिक्षा करून त्या पडक्या कुंपणात जातो. चार विटा अजून जागेवर आहेत, मधली जमीन तशीच. सब्जा वाळत चालला होता, बाटलीतलं पाणी घालतो. पहिल्या रविवारी गेलो तेव्हा वहिनींच्या कबरीपाशी बसून बराच वेळ मला काही बोलता येईना. घाई केली नाही. सापडलं तेव्हा म्हणालो, "वहिनी, ते नाही म्हणाले होते. निघू म्हणालो तो मी."